तीन सीड्या आणि आबांची हाक

कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी आईने आधी त्याला हळदीकुंकू लावलं आणि मग त्याच्या मापाची पांघरुणं शिवायला घेतली. जुन्या हिरव्या लुगड्याची तीन पांघरुणं झाली: पडद्याला मोठं, डब्याला मधलं आणि कीबोर्डला उशीच्या अभ्र्यासारखं लहान. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दूध डेअरीतली पाळी संपवून आले आणि दारातच थांबून बघत राहिले. "त्येला थंडी वाजती व्हय?" त्यांनी विचारलं. "धूळ बसती," आई सुई न थांबवता म्हणाली. तिचं खरं होतं. बारामतीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमच्या दोन खोल्या होत्या आणि दिवसभर समोरून दुधाचे टँकर आणि मोटारसायकली जात. सकाळी भोंगा झाला की भांडी घासणाऱ्या बायकांचा आवाज बुडून जाई आणि भोंगा थांबला की तोच आवाज जिथे बुडाला होता तिथूनच परत वर येई. त्या रस्त्याची धूळ आमच्या भाकरीतसुद्धा यायची. अण्णांच्या कपड्यांना मठ्ठ्याचा आंबूस वास असायचा, दादाच्या कपड्यांना ग्रीसचा. माझ्या कपड्यांना कसला वास होता ते मला कुणी सांगितलं नाही. कदाचित वाचनालयातल्या पुस्तकांचा असेल.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉम्प्युटर माझ्या शिक्षणासाठी आला असं घरात सांगितलं जाई, आणि मीही ते मान्य करत असे. खरं तर तो दादासाठी आला होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मल्हारी, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि वायर दिसली की ती कुठून येते नि कुठे जाते हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्याकडे एक जुना व्हिडिओ कॅमेरा होता, हाताच्या तळव्यावर मावेल एवढ्या कॅसेटचा. फलटणच्या एका शूटिंगवाल्याने तो बिघडला म्हणून टाकून दिला होता आणि दादाने तो खोलून, पुसून, पुन्हा जोडून चालू केला होता. पूर्ण चालू मात्र नाही. अधूनमधून तो कॅसेट खायचा.

दादाला जाऊन आता दीड वर्ष होईल. मी हे रोज अर्धं पान लिहिते, दुपारच्या चहाच्या आधी. घाई करत नाही. त्याच्याविषयी बसून लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की त्याचं आजारपण आधी आठवेल. पण आठवली ती हिरवी पांघरुणं, आणि ती उचलताना "उठा महाराज" असं कॉम्प्युटरला म्हणायची त्याची सवय.

आईचं माहेर इंदापूरच्या बाजूला, उजनीच्या पाण्यापासून तासाभराच्या चालीवर. तिचे वडील, आमचे आबा, जन्मभर मेंढरांच्या मागे हिंडले. दसरा-दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. त्यांच्या मेंढरांना नावं होती, आणि ती देवांची किंवा माणसांची नव्हती. जे दिसेल ते नाव: काळतोंडी, बांडी, लांबकानी, तुटकी. आईसुद्धा त्याच शाळेत शिकलेली. चौथीपर्यंत वर्गातली शाळा आणि पुढे आबांची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना तिने मनातल्या मनात अशीच नावं दिलेली होती आणि कधी कधी ती तिच्या तोंडून निसटायची.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी किसनमामाने, म्हणजे आईच्या भावाने, कळप विकायचं ठरवलं. पाणी आलं होतं, ऊस लागला होता, चरायला रान उरलं नव्हतं, आणि मामा स्वतः ट्रॅक्टर चालवायला लागला होता. कुणाला वाईट वाटलं नाही असं नाही, पण कुणी रडलंही नाही. आबा फक्त म्हणाले, "चार मेंढ्या ठेवा. न्हायतर सकाळी उठून मी बघू कुणाकडं?" दसऱ्यानंतर लोकर कातरायच्या दिवशी आम्ही सगळे तिकडे गेलो. दादाने कॅमेरा नेला होता. त्याने सकाळपासून दुपारपर्यंत शूटिंग केलं आणि सगळा वेळ तो बोलत होता. "आबा, हिकडं बघा. आबा, कातर वर धरा. सुमे, तुझी सावली पडतीया, सरक." मी छत्री धरून उभी होते, माझ्यावर नव्हे, कॅमेऱ्यावर. मामीने हुलग्याचं माडगं केलं होतं, गूळ घातलेलं. ते पितळी वाटीत इतकं गरम होतं की आम्ही पदराने आणि रुमालाने वाट्या धरून, फुंकर मारत, मेंढ्यांच्या मध्येच उभे राहून प्यायलो.

आणि मग आबांनी कळपाला हाक मारली. ती हाक मी कशी लिहू? जीभ टाळूला लावून केलेला एक लांब घरंगळणारा आवाज, "हिर्रर्र", आणि त्याच्या शेवटी वर चढत गेलेलं "याऽऽ". माळावर पांगलेली सगळी मेंढरं एकदम मान वर करायची आणि पाण्यासारखी उताराने खाली यायची. मामा तीच हाक मारायचा तर निम्मी यायची. दादाने मारली तेव्हा एक कुत्रं आलं.

पौषात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे तसेच होते, हसायचेही. पण तोंडातून एक शब्द निघत नव्हता. आई आठ दिवस राहून आली ती एकच गोष्ट ठरवून. चैत्रात तिकडे जत्रा असते, सगळी लेकीबाळी येतात. त्या दिवशी आबांना त्यांची हाक ऐकवायची. "ते इसरत्याल," ती म्हणाली, "आपुन कसं हाक मारत हुतो ते." थोड्या वेळाने भाकरी उलटताना ती स्वतःशीच म्हणाली, "आन् मीबी इसरन." तेव्हा मला कळलं की हे कुणासाठी आहे.

सोपं काम होतं असं आज वाटेल. तेव्हा नव्हतं. ती हाक त्या एका छोट्या कॅसेटवर होती आणि ती कॅसेट फक्त दादाच्या कॅमेऱ्यात चालायची. कॅमेरा एव्हाना इतका बिघडला होता की दादाचा आयटीआयचा मित्र नितीन, जो आता भिगवण रोडला कॉम्प्युटर जोडून द्यायचा, त्याने कॅसेटची फीत उजेडात धरून सांगितलं, "दोनदा चालंल. तिसऱ्यांदा माझा भरवसा न्हाय." कॅमेऱ्यातून वायरने कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, तिथे कापून जोडून नीट करायचं आणि मग मोठ्या कॅसेटवर उतरवायचं, म्हणजे मामाच्या घरच्या व्हीसीआरवर हवं तितक्यांदा बघता येईल, असा बेत ठरला. सरळ एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवून घेता आलं असतं. हे मला दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घरात कॉम्प्युटर असलेल्या माणसाला असं कोण सांगणार?

नितीनने तीन सीड्या दिल्या. व्हिडिओ कापायची तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर. "घरच्या माणसाला कुठलंबी चालतंय," तो म्हणाला, "पण तिन्ही एकदम घालू नका, तुमचं मशीन झोपंल." दादाने एका गुरुवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, पहिली सीडी घातली आणि तो तिच्या प्रेमातच पडला. एक चित्र जाऊन दुसरं यायचं तर बदामाच्या आकारातून यायचं. पान उलटल्यासारखं यायचं, फुलाच्या पाकळ्या उघडल्यासारखं यायचं. अक्षरं उडत येऊन बसायची. आई चहाचा कप घेऊन मागे उभी होती, तिने लगेच नाव ठेवलं: बदामवाली. दादाने कॅसेट लावली, आबांचं चित्र कॉम्प्युटरमध्ये आलं, आणि पुढचे दोन गुरुवार तो आबांना बदामातून आणत होता आणि पाकळ्यांतून घालवत होता. शेवटी त्याने त्यावर एक सिनेमातलं गाणं टाकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

गाणं का टाकलं, असं कुणी आज विचारेल. त्या काळात आमच्याकडे लग्नाची कॅसेट अशीच असायची. नवरी रडतेय, मामा ओरडतोय, भटजी मंत्र म्हणतोय, आणि ऐकू मात्र गाणं येतंय. कॅसेटमधली माणसं बोलतात हे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. त्यामुळे दादाने ते सगळं करून, जागा पुरत नाही म्हणून मूळ चित्र कॉम्प्युटरमधून पुसूनही टाकलं, आणि मग आईला समोर बसवून दाखवलं. पडद्यावर बदाम उघडला. आबा आले. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, गळ्याची शीर ताणली गेली, आणि बासरी वाजली. मेंढरं उताराने खाली आली. बासरी वाजतच होती.

आईने पडद्यावरून नजर काढून दादाकडे बघितलं. मग म्हणाली, "हितंबी मुकं झालं की रं आबा."

दादाचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्याने माऊस इकडे हलवला, तिकडे हलवला, गाणं काढलं. त्याखाली काही नव्हतं. ते सॉफ्टवेअर गाणं तरी ठेवायचं नाहीतर मूळ आवाज तरी, आणि गाणं ठेवलं की आवाज कायमचा जायचा. अण्णा भाकरी खाता खाता म्हणाले, "उगाच मशीनच्या नादाला लागला." "अण्णा, तुमी गप बसा वाईच," दादा म्हणाला. असं तो त्यांना कधी बोलत नसे. कॅसेट आता एकदाच चालणार होती.

त्या संध्याकाळी आईने आम्हाला बाजाराची गोष्ट सांगितली. गोष्ट कसली, आबांची पद्धत. मेंढा विकत घ्यायचा असला तर आबा त्याची शिंगं बघत नसत, रंगवलेलं अंग बघत नसत. दावं सोडवून आधी चार पावलं चालवायचे. मग त्याला त्याच्या कळपापासून लांब, बाजाराच्या टोकाला न्यायचे आणि शांत उभे राहायचे. मेंढा ओरडला तर घ्यायचा. "आवाज न देणारं जनावर धुक्यात सापडत न्हाय, म्हनायचं," आई म्हणाली. "तुमी शिंगं बघून घेतलं. आता जे काय हाय त्ये आदी चालवून बघा. आन् आबाच्या कॅसेटीवर न्हाय. दुसरं कायतरी घ्या."

दुसरं कायतरी म्हणजे अण्णा. आईने ठरवलं की आबांची हाक अण्णांनी मारायची, दुसऱ्या कॅसेटवर, म्हणजे कुठल्या सीडीतून हाक नीट येते ते कळेल. अण्णा उभ्या आयुष्यात एवढे लाजले नसतील. अंगणात तुळशीशेजारी बनियनवर उभे राहून ते म्हणाले, "हिर्र." "जोरात," दादा कॅमेऱ्यामागून ओरडला. "हिर्रर्र, या!" शेजारच्या बाईने भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय झालं ओ भाऊजी? कोंबडी गेली का?" आई पदर तोंडाला लावून आत पळाली. ती इतकी हसलेली मी त्या वर्षात एकदाच पाहिली.

दुसरी सीडी कॅमेऱ्याची वायर लावायच्या कॅप्चर कार्डाबरोबर फुकट आलेली होती. आईच्या भाषेत फुकटी. तिच्यात आवाज राहत होता, चित्र राहत होतं, पण दोघांचं पटत नव्हतं. सुरुवातीला बरोबर चालायचे आणि पाच-सहा मिनिटांनी आवाज मागे पडायचा. अण्णांनी तोंड उघडलं, हाक मारली, तोंड मिटलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि मग "हिर्रर्र, या!" ऐकू आलं. दादाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. "एवढं कोन बघतंय?" तो म्हणाला. "मी बघती," आई म्हणाली. "तोंड मिटल्यावर हाक आली तर ती त्येची न्हवं. दुसऱ्याच कुणाची." सीडी परत पाकिटात गेली.

तिसरी सगळ्यात कुरूप. उघडली की राखाडी पट्ट्या आणि बारीक इंग्रजी अक्षरं. बदाम नाही, फूल नाही, काही सुचवणं नाही. आईने तिच्याकडे बघून नाव ठेवलं, वकीलीण. पण खाली दोन पट्ट्या होत्या, एकीवर चित्रं आणि दुसरीवर हिरवी खरखरीत रेघ. ती रेघ म्हणजे आवाज हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. दादाने चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा मशीन अडकलं, आणि तो म्हणाला, "ही आपल्याच्यानं हुयाची न्हाय." सीडीबरोबर एक जाड पुस्तक होतं, झेरॉक्सचं, बायंडिंग सुटलेलं. ते माझ्या वाट्याला आलं.

मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. कॉलेजात नेऊन वाचलं, भाजी निवडताना वाचलं, एसटीत वाचलं. तोवर माझ्या वाचण्याचा घरात कुणाला काही उपयोग झाला नव्हता. आई वाचताना मध्ये बोलायची नाही एवढाच मान होता. आता ती रोज संध्याकाळी विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायची, "आवाजाच्या धड्यावर." ती मान हलवून आत जायची, जणू मी एखादी पोथी लावली आहे. त्या पुस्तकात एका पानावर तळटीप होती. कॅमेऱ्यातून घेतानाच पडद्यावर एक बारीकशी खूण केली तर चित्र आणि आवाज एकमेकांना बांधलेले राहतात, असं तिच्यात म्हटलं होतं. मी खूण केली. अण्णांना पुन्हा हाक मारायला लावली नाही, जुनीच कॅसेट पुन्हा घेतली. पहिल्या मिनिटाला बरोबर. दहाव्या मिनिटाला अण्णांचं तोंड आणि अण्णांची हाक एकाच वेळी उघडली आणि एकाच वेळी मिटली. आई पुढे वाकून बघत होती. "वरडली," ती म्हणाली. "हीच घ्या."

मग आबांची कॅसेट शेवटची लावायची वेळ आली. सकाळची वेळ आम्ही मुद्दाम निवडली, लाईट जायची शक्यता कमी म्हणून. अण्णाही पाळीला उशिरा गेले. कॅमेऱ्याची बटणं दादाने दाबली, कॉम्प्युटरचं मी. चित्र यायला लागलं. कातर, लोकरीचे ढीग, मामी, माडग्याच्या वाट्या, आणि माझी सावली. कॅमेऱ्यातून घरघर येत होती. आबांनी मान वर केली, हाक मारली, एकदा, दोनदा, आणि मेंढरं खाली आली. त्यानंतर चारेक मिनिटांनी कॅमेऱ्याच्या पोटात कडकन आवाज झाला आणि पडदा निळा झाला. दादाने झाकण उघडलं तर फीत शेवयांसारखी बाहेर आली. दादाने नंतर घेतलेला, कळप विकायला नेतानाचा शेवटचा भाग तिच्यात होता. तो गेला. आई म्हणाली, "जाऊ दे. त्ये कुणाला बघायचं हुतं?"

आता जे सांगायचं आहे ते माझ्या फुशारकीविषयी आहे. ती हिरवी रेघ मला वाचता यायला लागली होती. कुठे वारा आहे, कुठे मेंढरं, कुठे आबा, हे मी न ऐकता, नुसतं बघून सांगू शकत होते. आणि सगळीकडे दादा होता. "आबा, हिकडं." "सुमे, सरक." "मामी, वाटी दाखवा की." मला वाटलं, काय हा गोंधळ. पुस्तकात जशी चूक खोडतात तसा तो खोडायचा. मी एकेक जागा शोधून त्याचा आवाज काढून टाकला आणि मागे वाऱ्याचा तुकडा जोडला, सांधा कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. आठवडाभर मी तेच करत होते. दादाने शेवटी पाहिलं तेव्हा तो मोठ्याने हसला. "अगं, मला पुसूनच टाकलंस की! मी गेलतो का न्हाय तितं?" "तू दिसत नव्हतासच," मी म्हणाले. "नुसती वटवट होती." त्याला राग आला नाही. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि बदाम कुठेतरी एक टाक म्हणाला. मी टाकला नाही.

एक जागा मात्र मला साधली नाही. आबांची पहिली हाक संपत आलेली, "याऽऽ" अजून हवेत आहे, आणि त्याच्यावरच दादा म्हणतो, "आबा, आजून एकदा." दोघांच्या रेघा एकमेकींत शिरलेल्या. त्याला काढलं तर आबांची हाक मध्येच तुटायची. मी पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. त्या पुस्तकात त्याला उपाय नव्हता. शेवटी मी ते तसंच ठेवलं. एवढ्या स्वच्छ कामात तो एक डाग, म्हणून मी खट्टू होते.

जत्रेच्या दिवशी मामाच्या अंगणात टीव्ही ठेवला. उन्हं कलली होती, पडद्यावर सावली यावी म्हणून टीव्हीच्या वर चादर बांधली होती. आईच्या आत्या, मावश्या, पोरं, शेजारी, सगळे. दुपारची पंगत झालेली, मटणाच्या रश्श्याचा वास अजून रेंगाळत होता. आबांना बाजेवर मागे तक्क्या देऊन बसवलं होतं, डाव्या हातात काठी. मागे गोठ्यात त्या चार मेंढ्या बांधलेल्या. उतरवलेली मोठी कॅसेट व्हीसीआरवर चालू झाली आणि सगळ्यांनी आपापल्या माणसांना ओळखून आरडाओरडा केला. "ती बघ मामी, माडगं वततीया!" "किसनराव, टीव्हीत क्यास दिसत्यात की तुमाला!" मग पडद्यावर आबांनी मान वर केली.

हाक आली. तोंड आणि हाक, दोन्ही बरोबर. मागे गोठ्यात काहीतरी आपटलं. चारही मेंढ्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि दाव्याला ताण देऊन टीव्हीच्या दिशेने ओरडत होत्या. मामा मोठ्याने म्हणाला, "बघा, टीव्हीतल्या आबाला वळखत्यात. मी रोज वैरन घालतो तर बघत न्हायत्या!" सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या खालून टीव्हीतून दादाचा आवाज आला, "आबा, आजून एकदा."

मी आबांकडे बघत होते म्हणून मला दिसलं. बाजेवर बसलेल्या आबांनी मान वर केली. नातवाने सांगितलं होतं, आणि ते ऐकत असत त्याचं. त्यांचं तोंड एका बाजूने उघडलं, गळ्याची शीर ताणली गेली आणि आतून काहीतरी निघालं. वाकडं, अर्धं, फाटकं. "हिर्र." पडद्यावरच्या आबांची दुसरी हाक त्याच क्षणी सुरू झाली म्हणून बऱ्याच जणांना ते कळलंच नाही. आईला कळलं. ती बाजेच्या पायाशी बसली होती. तिने मागे वळून बघितलं नाही, फक्त हात मागे नेऊन आबांचा पाय धरला आणि पडद्याकडे बघत राहिली. कॅसेट संपल्यावर आबांनी काठीने टीव्ही दाखवला. आम्ही पुन्हा लावली. त्या संध्याकाळी आम्ही ती किती वेळा लावली ते मला आठवत नाही. दर वेळी दादा म्हणायचा, "आजून एकदा," आणि दर वेळी आबा त्याचं ऐकायचे.

वाचा काही परत आली नाही. पण तो आवाज राहिला. पुढे ते जगले तितकी वर्षं आबा त्या एका आवाजावर सगळं भागवायचे. चहा हवा, हिर्र. ऊन आलं, हिर्र. मामी म्हणायची, "आमाला मेंढरं केलं म्हाताऱ्यानं," आणि चहा घेऊन जायची. आई माहेरहून आली की तोच विषय घेऊन बसायची. एकदा अण्णा म्हणाले, "माझी हाक कुठं गेली? मीबी मारली हुती." "ती नमुन्याची हुती," आई म्हणाली. "नमुना कोन ठेवतंय?"

गेल्या वर्षी, दादा गेल्यावर काही महिन्यांनी, मी त्याचा आवाज शोधायला बसले. फोटो भरपूर आहेत. तो कॅमेऱ्यामागचा माणूस असूनही लोकांनी त्याचे काढले. आवाज मात्र कुठेच सापडला नाही. मग ती कॅसेट आठवली. दुकानातून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि माझ्या मुलीने ती फोनमध्ये घालून दिली, दोन मिनिटांत, आणि कुठलं सॉफ्टवेअर वापरलं हे मी विचारलंसुद्धा नाही. मी पहिल्यापासून ऐकली. कातर, वारा, मामी, माडगं, माझी सावली बाजूला सरकते, कुणाच्या सांगण्यावरून सरकते ते ऐकू येत नाही. माझे सांधे अजूनही चांगले आहेत. कुठे काही कापलंय असं वाटत नाही.

आणि मग आबा मान वर करतात, हाक हवेत असतानाच तो बोलतो, तीन शब्द, आनंदात असलेल्या माणसाच्या आवाजात. ते तीन शब्द पुसता येईनात म्हणून त्या वेळी मी दोन दिवस धड जेवले नव्हते.